दोन चांदण्यांची निशाणी

फक्रुद्दीनचाचा पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा नोटीस मिळून एकोणीस दिवस झाले होते आणि उत्तराला मुदत होती पंधरा दिवसांची. माझे निम्मे पक्षकार असेच येतात. नोटीस इंग्रजीत असते. ती आधी गावातल्या शिकलेल्या माणसाकडे जाते. तो चष्मा लावून ती दोन्ही बाजूंनी बघतो आणि 'नुसतं घाबरवायला पाठवलंय' असं सांगून मोकळा होतो. मग कधीतरी बाजाराच्या दिवशी कुणी म्हणतं, श्रीरामपूरला धनश्रीबाई वकील आहेत, त्यांना दाखवून घ्या. ती धनश्रीबाई म्हणजे मी. तोवर रागावण्याखेरीज माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं, आणि ते मी मन लावून करते.

चाचांवरही रागावले. ते ऐकून घेत उभेच राहिले. साठी ओलांडलेला, वाळका, हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक डाग असलेला माणूस. पुणतांब्याला स्टेशनच्या वाटेवर त्यांची भट्टी. ऊसतोडीचे कोयते बनवायचे, एवढाच धंदा, वडिलांपासूनचा. ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यांचं लोखंड, ते धरायला चाचा आणि घण मारायला त्यांची बायको रोशनबी. त्या दिवशी रोशनबीही बरोबर होत्या. माझं रागावणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, ह्यांना बोलून उपेग न्हाई. मी चाळीस वर्सं बोलतीय. कागदात काय लिवलंय त्ये सांगा."

कागदात लिहिलं होतं की शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कंपनीने 'दोन चांदण्या आणि मध्ये आडवी रेघ' हे चिन्ह कोयते, विळे, खुरपी यांच्यासाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आहे. तुम्ही ते बेकायदा वापरता. ताबडतोब थांबवा, नाहीतर कोर्टात खेचू.

"पर ती आमची निशानी हाय," चाचा म्हणाले. "माझ्या बापानं काढल्याली."

त्यांनी पिशवीतून एक कोयता काढून टेबलावर ठेवला. मुठीच्या जरा वर, पात्याच्या बुडाशी, नखाएवढ्या दोन चांदण्या आणि मध्ये रेघ. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो, माणसांना त्या हत्याराचंच नाव. या जोड्या आधी पुणतांब्याला येऊन दोन चांदण्यांचा कोयता घेणार आणि मगच फडात जाणार. बहुतेकांना वाचता येत नाही, आणि चाचांचं नाव तर फार थोड्यांना ठाऊक. ती माणसं पात्यावर अंगठा फिरवतात, चांदण्यांची टोकं लागली की घेतात. त्यांच्या लेखी चाचा म्हणजे त्या दोन चांदण्याच. निशाणी गेली तर भट्टी पेटवून काही उपयोग नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

मी कॉम्प्युटरवर शोधलं. कंपनीने रीतसर अर्ज केला होता. अर्ज ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला होता, चार महिन्यांत कुणी हरकत घेतली नव्हती, म्हणून नोंदणी झाली होती. हे जर्नल दर आठवड्याला इंटरनेटवर येतं, हजारो पानांचं. पुणतांब्याच्या कोयतेवाल्याने दर आठवड्याला ते उघडून कुणी आपली निशाणी उचलून नेतंय का ते बघावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

गेल्या काही वर्षांत हा कायदा आणि त्याचे नियम बरेच बदलले. पंचाहत्तरच्या आसपास फॉर्म होते त्यांचे आठ झाले. टपाल मागे पडलं, ईमेल आला. सुनावणी पडद्यावर होऊ लागली. पुरावा द्यायला मुदत वाढवून मागायची सोय गेली. असली भांडणं ऐकणारं अपील मंडळही बंद झालं, आता ट्रेडमार्कची रजिस्ट्री नाहीतर हायकोर्ट. आम्हा वकिलांसाठी एक शिबिर झालं, त्यात सांगितलं गेलं की आता सगळं सोपं आणि जलद झालं आहे. ते खोटं नाही. कंपनीला ते खरोखरच सोपं आणि जलद गेलं.

एक दार मात्र उघडं होतं. जो आधीपासून चिन्ह वापरत आलाय त्याला कायदा संरक्षण देतो, आणि तो दुसऱ्याची नोंदणी रद्द करायचा अर्जही करू शकतो. फक्त आधीपासून वापरत होतो हे दाखवावं लागतं. कंपनीने २०११ पासूनचा वापर सांगून बिलं जोडली होती. म्हणजे आम्हाला त्याच्या आधीचं काहीतरी हवं होतं.

"बिलं आहेत?" मी विचारलं.

"बिल कशाला? मानूस येतो, कोयता घेतो, जातो."

"दुकानाची पाटी, जाहिरात, जुना फोटो?"

रोशनबी तोंडाला पदर लावून हसल्या.

"मग जुना कोयताच द्या. दोन हजार अकराच्या आधीचा, निशाणी असलेला. एवढे हजारांनी बनवलेत, एक तरी असेल ना?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग रोशनबींनी सांगितलं. झिजलेला कोयता माणसं टाकून देत नाहीत, हंगाम संपल्यावर भट्टीवर परत आणतात. चाचा तो घेतात, नव्यात सवलत देतात आणि ते लोखंड तापवून, ठोकून त्याचं खुरपं नाहीतर पुन्हा कोयता करतात. चांगलं लोखंड वाया घालवणं त्या घरात पाप समजतात. "आमच्या हातचं लोखंड फिरून आमच्याच हातात येतं," असं त्या मोठ्या कौतुकाने म्हणाल्या. चाळीस-पन्नास वर्षांचा पुरावा या कुटुंबाने दरवर्षी नेमाने स्वतःच्या भट्टीत घातला होता. मी कपाळाला हात लावला, आणि चाचांनी मला पाणी विचारलं.

तरी अर्ज केला. करायला नको होता असं आता वाटतं, पण तेव्हा माझ्या अंगात संचारलं होतं. कंपनीचं उत्तर ईमेलवर आलं आणि पुरावा द्यायचे आमचे दोन महिने सुरू झाले. मी ऊसतोडीच्या अकरा जुन्या माणसांची प्रतिज्ञापत्रं केली. घाईत एकाचा मजकूर दुसऱ्याला चिकटवत गेले, नुसती नावं बदलली. अकरा अंगठे उमटले. त्याच सुमाराला सरकारी कागदांवर जिल्ह्याचं नाव बदललं. आमच्या अर्जावर अहमदनगर होतं, प्रतिज्ञापत्रांवर अहिल्यानगर आलं. चाचा म्हणाले, "येवढ्या मोट्या जिल्ह्याचं नाव बदाललं, तरी यष्टीवाला बराबर नगरलाच नेऊन सोडतो की." मला हसू आलं. त्या दिवसांत आम्ही अजून हसत होतो.

त्यांचं कोयता शोधणं चालूच होतं. चाचा आणि रोशनबी एसटीने वाड्या-वस्त्या पालथ्या घालत होते, अकोले तालुक्यातल्या डोंगरापासून पाथर्डीपर्यंत. जिथे जातील तिथे लोक चहा पाजायचे, "तुमचा कोयता म्हंजी कोयताच" म्हणायचे, आणि मागच्या दोन-तीन हंगामांतला कोयता पुढे करायचे.

मुदत संपायला नऊ दिवस उरले होते तेव्हा चाचांचा फोन आला.

"घावला, म्याडम."

पाथर्डीकडच्या एका वाडीत गोजरबाई म्हणून म्हातारी होती. तिचा नवरा २००८ च्या जानेवारीत उसाच्या फडातच साप चावून गेला. त्या हंगामाचा त्याचा कोयता तिने परत केला नाही. गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवला आणि सतरा वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. चाचांना तिने तो काढून दिला. "फकरूभाऊ, न्या," म्हणाली, "पर माघारी आना." तिच्याकडे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. मला आणखी काय पाहिजे होतं? तारीख सांगणारा सरकारी कागद आणि निशाणी असलेलं लोखंड. खुर्चीतून उठून मी ऑफिसभर चकरा मारल्या.

"निशाणी दिसते ना?"

"दिसती की. जरा पुसाट हाय."

"चालेल. सोमवारी घेऊन या. जपून आणा, कोर्टात दाखवायचाय."

हे माझे शब्द. हे मी विसरणार नाही.

सोमवारी दोघं आले. चाचांनी नव्याकोऱ्या फडक्यातून कोयता काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. कोयता लखलखत होता. गंजाचा ठिपका नव्हता. धार लावलेली, मुठीला तेल पाजलेलं. आणि पात्याच्या बुडाशी दोन चांदण्या, कालच्या वाटाव्यात इतक्या ठसठशीत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोजरबाईचा कोयता. गंज काढला. निशानी लई पुसाट झाल्ती, नुसती नखाला लागायची. नवी मारली. जुन्याच्या वर न्येमकी बसवली, बघा. क्येसाचा फरक न्हाई."

ते अभिमानाने सांगत होते. 

"चाचा, ठसा मारलात? याच्यावर? आता?"

"परवा."

"का पण?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "मयताची वस्तू हाय, म्याडम. तुमचं काम झालं की गोजरबाईला माघारी द्यायचीय. गंजकी कशी दिऊ? आमच्या भट्टीतनं गंजकं पातं, न्हाईतर पुसाट निशानीचं, कदी भाईर ग्येलं न्हाई. बापाच्या टायमापासनं न्हाई."

ही त्यांची रीत होती. कोणी धार लावायला कोयता आणला आणि निशाणी झिजलेली दिसली, की न विचारता पुन्हा मारून द्यायची. टोळीच्या झोपड्यांत कोयते एकमेकांत मिसळतात, माणसाला आपलं पातं बोटांनी ओळखता आलं पाहिजे. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. आणि मी त्यांना 'हात लावू नका' असं म्हणाले नव्हते, 'जपून आणा' म्हणाले होते. कोर्टात दाखवायचाय म्हटल्यावर त्यांनी तो जास्तच मन लावून घासला होता. वीस वर्षं वकिली करून मला एवढं एक वाक्य सुचलं नव्हतं.

रोशनबींनी मोबाईलमध्ये एक फोटो काढला होता. दारात गोजरबाई उभी, हातात काळाठिक्कर गंजलेला कोयता. मी तो मोठा करकरून बघितला. निशाणी दिसत नव्हती.

"आदी सांगितलं असतं तर ह्यांचं हात बांधून ठिवलं असतं," रोशनबी म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं. चाचांना कळायला आणखी थोडा वेळ लागला. कळल्यावर ते खाली बसले, खुर्ची असताना फरशीवर.

मी एका इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांना कोयता दाखवला. ते म्हणाले, लोखंड जुनं आहे असं सांगता येईल, ठसा जुना आहे असं कुणीही सांगू शकणार नाही.

आता जे केलं ते सांगते. चाचांचं प्रतिज्ञापत्र तयार करताना मी त्यात एक ओळ घातली, 'सदर कोयता जसा मिळाला तसा सादर करीत आहे'. अशी ओळ असतेच, असं स्वतःला समजावलं. मजकूर वाचून दाखवल्याशिवाय चाचा सही करायचे नाहीत. त्या ओळीला त्यांनी मला थांबवलं.

"ह्ये खरं न्हाई."

"चाचा, ही रिवाजाची ओळ आहे. सगळ्यांच्यात असते."

"असंल. माझ्यात नको."

"ही ओळ काढली तर उरतं काय आपल्याकडे?"

"त्ये मला काय ठाव? पर ठसा मी मारला, तर मारला म्हननार."

मी चिडले, वाट्टेल ते बोलले. निशाणी खरी आहे, तुमच्या बापाची आहे, ती वाचवायला एका ओळीपुरतं गप्प बसायला काय जातं? रोशनबींनाही म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "ह्ये काय सांगून ऐकनारं न्हाईत. आन् ह्या बाबतीत मी सांगनार बी न्हाई." मग मी ओळ खोडली आणि खरं काय ते लिहिलं. गंज काढला, निशाणी पुसट होती म्हणून आमच्या रीतीप्रमाणे पुन्हा मारली. लिहिताना मला त्यांचा राग येत होता आणि माझी मलाच लाज वाटत होती.

सुनावणी माझ्याच ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पडद्यावर अधिकारी, शेजारच्या चौकोनात कंपनीचा वकील, आणि खालच्या चौकोनात आम्ही तिघं दाटीवाटीने. सगळं मिळून अकरा-बारा मिनिटं चाललं. कंपनीचा वकील शांतपणे बोलला. साक्षीदार अकरा, पण मजकूर एकच, इतका की एका ठिकाणी गाळलेला शब्द अकराही ठिकाणी गाळलेला आहे. बारावी साक्ष गोजरबाईंची, म्हणजे सतरा वर्षांपूर्वीची आठवण. आणि कोयता? कोयत्यावर निशाणी आपण स्वतः मारली, असं अर्जदार शपथेवर सांगतो. यापुढे मी काय बोलावं, असं म्हणून तो थांबला. शेवटी त्याने एक शब्द वापरला, बनवलेला पुरावा.

"काय म्हनला?" चाचांनी मला हळूच विचारलं.

"कोयता जुना वाटत नाही म्हणाला," मी सांगितलं. तेवढं खोटं मी बोलले.

निकाल ईमेलवर आला, चार पानांचा. अर्ज फेटाळला. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. माझ्यापुढे तेच कागद आले असते तर मीही तेच लिहिलं असतं. चाचांना मी सांगितलं की हायकोर्टात जाता येईल. त्यांनी विचारलं, "तितं बी ह्योच कोयता दाखवायचा ना?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ द्या."

कंपनीचा कोयता मी मुद्दाम दुकानातून विकत आणला. मला तो टाकाऊ निघायला हवा होता. पातं वाकावं, मूठ निसटावी, म्हणजे निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. तसलं काही झालं नाही. साधा, बरा कोयता होता. चांदण्या मशीनने काढलेल्या, दोन्ही अगदी सारख्या.

नोव्हेंबरात गोजरबाईंचा कोयता रजिस्ट्रीच्या कामातून मोकळा झाला, तो गोजरबाईंना पोचवण्यासाठी चाचांकडे द्यायला मी पुणतांब्याला गेले. साखर कारखाने सुरू झाले होते, रस्त्यावर ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. भट्टी पेटलेली होती. भिंतीला वीस-पंचवीस कोयते टेकवून ठेवलेले, सगळे कोरे, निशाणी न मारलेले. रोशनबींनी मला बसायला पाट दिला. एरवी या दिवसांत इथे उभं राहायला जागा नसते, असं त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात चार कोयते गेले होते.

तेवढ्यात एक पोरसवदा बाई आली. कडेवर मूल, पायांत नव्या चपला. शेवगावकडून आलो, असं तिने सांगितलं, नाव मोनिका. लग्नानंतरचा पहिला हंगाम. यंदा सासूचे गुडघे धरले, म्हणून तिच्या जागी ही आली होती.

"कोयतं पायजेल हुतं. दोन."

चाचांनी भिंतीकडचे दोन उचलून तिच्यापुढे ठेवले. तिने मूल खाली सोडलं, कोयता हातात घेतला, मुठीपासून वर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. पातं उलटं करून दुसऱ्या बाजूने फिरवला. मग खाली ठेवला.

"ह्ये न्हाई," ती म्हणाली. "दोन चांदन्यावालं चाचा कुटं बसत्यात?"

रोशनबींनी घण खाली टेकवला. चाचा म्हणाले, "माजंच हाय, बाई. हातात धरून बघ. आदीचंच लोखंड हाय, आदीचंच पानी हाय."

"आसंल की, बाबा. पर आमची सासू म्हनली, टोकं लागल्याबिगर घिऊ नको. तितं बसून कोनी बी म्हनंल, मीच चाचा. सतरा हंगाम तिनं त्येच वापारलं."

मी उठून बोलणार होते. काय बोलणार होते कोण जाणे. मीच आणलेल्या निकालात जे लिहिलं होतं त्याच्या उलट काही सांगायचा मला अधिकार नव्हता, चाचांना तर त्याहून नव्हता. चाचांनी मला हाताने थांबवलं.

"सासू बराबर सांगती," ते मोनिकाला म्हणाले. "त्या निशानीबिगर घिऊ नको. इतनं सरळ जा, टेशनाच्या अलीकडं हार्डवेअरचं दुकान हाय. तितं मिळंल दोन चांदन्याचा."

तिने मूल उचललं. वळून निघाली तेव्हा चाचा मागून म्हणाले, "सासूला सलाम सांग."

ती थांबली. चांगल्या वळणाची पोरगी होती, निरोप नीट पोचवायचा म्हणून तिने विचारलं, "कुनाचा म्हनून सांगू?"

चाचांनी तोंड उघडलं. मग रोशनबींकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वळकायची न्हाई."

ती स्टेशनच्या वाटेला लागली. चाचांनी निखाऱ्यातलं पातं चिमट्याने ऐरणीवर घेतलं आणि रोशनबी घण उचलतील म्हणून वाट बघत बसले. त्यांनी उचलला नाही.